कानानं लावलेलं टायमिंग

माझ्या गॅरेजवर पत्र्याची पाटी हुती. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं: 'जोतीराम मोटार गॅरेज. जुन्या गाड्यांचं टायमिंग कानानं लावून मिळेल.' अक्षरं माझी मीच काढल्याली, म्हणून शेवटाला जागा पुरली न्हाय आन् 'मिळेल' बारीक झालं. हुती म्हणतोय, कारण आता न्हाय. का न्हाय ते सांगतो, पण मधी बोलू नका. मला मधी बोललेलं खपत न्हाय.

आधी टायमिंग म्हंजे काय ते ऐका, न्हायतर पुढचं काय कळायचं न्हाय. इंजिनात पिस्टन वर येतो, पेट्रोलची वाफ दाबतो, आन् तो माथ्याला पोचायच्या किंचित आधी प्लगनं ठिणगी टाकायची. किंचित म्हंजे किती, हाच सगळा इषय. ठिणगी उशिरा पडली तर गाडी मरगळती, तापती. लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यावरच दणका बसतो. मग चढाला ॲक्सिलेटर दाबला की इंजिनातनं खुळखुळ येती, पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यागत. तशीच गाडी हाणत ऱ्हायलं तर एक दिवस पिस्टनला भोक. ठिणगी पुढंमागं करायला इंजिनाच्या कडंला एक डबा असतो, त्याला आमी डेल्को म्हणतो. त्याचा नट ढिला करायचा, डेल्को केसभर फिरवायचा, नट आवळायचा. फिरवायला एक मिनिट लागतंय आन् शिकायला धा वरसं.

बाकीचे मिस्त्री बत्ती लावून करतात. पिस्तुलासारखी बत्ती असती, ती ठिणगीच्या तालावर लुकलुकती, तिच्या उजेडात पुलीवरची खूण दिसती. मी चाळीस वरसं बत्तीला हात लावला न्हाय. इंजिन चालू ठेवायचं, डेल्को फिरवत फिरवत आवाज चढवत न्यायचा, सगळ्यात खुललेला आवाज आला की थांबायचं. मग गाडी चढाला न्यायची, खुळखुळ ऐकायची, ती जाईस्तोवर इवलंसं मागं घ्यायचं. सांगलीपासनं निपाणीपर्यंत जुन्या गाड्या माझ्याकडं यायच्या त्या ह्या कानासाठी.

माझा चेला ज्ञानू तीन वरसांमागं एक बत्ती विकत घेऊन आला. बारा वरसं माझ्याजवळ काम केलेला माणूस, चाळिशीला आलेला. म्हणाला, "वस्ताद, कान हायच तुमचा, पण एकदा तपासून बघायला काय हरकत हाय?" तपासून! माझं काम! मी ती बत्ती त्याच्या हातातनं घेतली आन् जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवली. ज्ञानूनं ती बाहेर काढली, फडक्यानं पुसली आन् घरी गेला तो परत आला न्हाय. पुढं उचगावला स्वतःचं गॅरेज टाकलं म्हणून कळलं. मी म्हटलं, जा लेका, बत्त्या लावत बस.

ह्याच दिवसांत आमच्या घरात कुकर बिघडला. शालूबाई, म्हंजे आमची मालकीण, कुकर चढवून शेजारी जायची आन् मला सांगून जायची, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." मी पेपर वाचत बसायचो. शिट्टी व्हायचीच न्हाय. वास आला की कळायचं, डाळ लागली. ती येऊन तोंड सोडायची, मी बी सोडायचो. "शिट्टी झाली असती तर बंद केला नसता व्हय? काय खुळा हाय का मी?" शिट्टी काढून गॅरेजवर नेली, तारेनं साफ केली, ब्लोअर मारला. तरी तेच. दुसरी शिट्टी आणली, तीबी तसलीच. शेवटी मी म्हटलं, आजकाल मालच भिकार येतो.

आता भूपालकडं येतो. भूपाल मगदूम, गडमुडशिंगीचा. ऊस, भाजीपाला, वर खताचं दुकान. आमची दोस्ती तो कॉलेजात असल्यापासनं. त्याच्या वडलांनी घेतलेली फियाट अकराशे त्यानं अजून सांभाळलीय. दुधी रंग, आत लाल सीट. ह्याच गाडीतनं त्यानं रत्नावहिनींना लग्न करून आणलं निपाणीकडनं, आन् त्या गाडीवर वहिनींचा नवऱ्याएवढाच जीव. पण गाडीचं इंजिन आता शेवटच्या घटकेला हाय. दोनदा बोअर करून झालं, स्लीव्ह टाकून झाल्या. मी भूपालला लिहून दिल्यागत सांगितलं हुतं, आता एक जरी पिस्टन गेला तर इंजिनाचा हा ब्लॉकच भंगारात. दुसरा मिळायचा न्हाय.

जानेवारीत एका बुधवारी सकाळी भूपाल उद्यमनगरात माझ्या दारात गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर वहिनी. धाच दिवसांमागं मी ह्या गाडीची सर्व्हिस करून टायमिंग लावून दिलं हुतं.

"जोत्या," भूपाल उतरताच म्हणाला, "गाडी खुळखुळतीया."

"कुठं?"

"चढाला. काल जोतिबाच्या वाटंला गेलतो. इंजिनातनं आवाज येतोय."

"पेट्रोल कुठलं भरलंस? उसाचं काय काय मिसळतात आता त्यात."

"नेहमीच्याच पंपावरचं."

"मग डिकीत पाना पडला असंल."

"आवाज पुढनं येतोय, खुळ्या. डिकी मागं असती."

समोर हंबीररावची चहाची गाडी हाय. तिथं चार माणसं कप घेऊन उभी हुती, ती हसली. मला तेवढं पुरलं. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, कान लावला. एकसारखं, गोड चाललं हुतं. तरी भूपालच्या तोंडावर मारायला म्हणून डेल्कोचा नट ढिला केला, फिरवून बघितला, आन् जिथं आवाज सगळ्यात खुलला तिथं पुन्हा आवळला. जागा तीच निघाली. केसभर फरक न्हाय.

"बघ," मी म्हटलं. "काय चुकलंय ह्यात?"

"हितं उभ्या उभ्या न्हाय येत आवाज. चढाला येतोय. टायमिंग पुढं झालंय, जोत्या. ठिणगी लवकर पडतीया."

मला टायमिंग शिकवतोय! खताच्या पोत्यावर बसणारा माणूस! माझं डोकं फिरलं. मी हंबीररावकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हंबीरराव, ध्यानात ठेवा. ह्या गाडीचं टायमिंग पुढं निघालं तर ही पाटी मी माझ्या हातानं उतरवतो. आन् न्हाय निघालं तर भूपाल मगदूम हितं ह्या चौकात कान धरून उठाबशा काढंल."

"मंजूर," भूपाल म्हणाला. तो हसत नव्हता. "चल पन्हाळ्याला. आत्ता."

वहिनी मागनं म्हणाल्या, "अय्यो, जाऊ द्या की. कशाला पैजा लावतासा म्हातारपणी?" पण आमचं ठरलं हुतं. मी स्टेअरिंगवर बसलो, भूपाल शेजारी. जाताना हंबीररावनं कप वर करून मला सलाम ठोकला.

शिवाजी पूल, केर्ली, सगळं सपाट. गाडी झकास चालली हुती. वाघबीळ मागं पडलं आन् चढ सुरू झाला. मी मुद्दाम टॉप गिअर ठेवला आन् ॲक्सिलेटर दाबला.

"आला," भूपाल म्हणाला.

"काय आला?"

"आवाज. ह्यो काय."

मी कान टवकारले. इंजिनाचा घुमारा येत हुता, टायरांचा येत हुता, काचेची खडखड येत हुती. खुळखुळ न्हाय.

"वहिनी, तुमास्नी येतोय?"

"येतोय की अण्णा. कवाचा येतोय."

मी म्हटलं, ही नवराबायको मिळून माझी मजा घेतायत. उठाबशा चुकवायला भूपालनं वहिनींना पढवून आणलंय. ज्याचं काम त्याला ऐकू येत न्हाय, आन् चपात्या लाटणाऱ्या बाईला येतोय? असं कुठं असतंय? पण वहिनी खोटं बोलणाऱ्यांतल्या न्हाईत, हेबी मला ठाऊक हुतं. मग मी एक शक्कल काढली.

"वहिनी, एक काम करा. डोळे मिटून बसा. आवाज आला की माझ्या खांद्यावर बोट मारत ऱ्हावा. थांबला की थांबा. भूपाल, तू तोंड बंद ठेव. खोकायचं न्हाय, हूं म्हणायचं न्हाय."

त्यात डाव हुता. खुळखुळ नुसती चढाला येत न्हाय. ॲक्सिलेटरवर जोर पडला की येती, पाय उचलला की त्याच क्षणी जाती. हे मिस्त्रीला ठाऊक, वहिनींना असायचं कारण न्हाय. आन् माझा पाय मागनं दिसायचा प्रश्नच न्हाय. खोटं असंल तर बोट कुठंबी पडणार.

मी पाय दाबला. खांद्यावर बोट पडाय लागलं. टुक, टुक, टुक.

पाय उचलला. बोट थांबलं.

पुन्हा दाबला, हळूच, अर्ध्यापर्यंतच. काय न्हाय. पुरा दाबला. टुक, टुक, टुक.

मी पाच वेळा केलं. सहाव्यांदा खोटाच गिअर हलवला, खांदा हलंल असा नुसता हात नेला आन् परत आणला. वहिनी फसल्या न्हाईत. खाली गिअर टाकला, इंजिन मोकळं झालं, बोट थांबलं. टॉपला टाकला, बोट सुरू झालं. माझ्या खांद्यावर अख्खं इंजिन कुणीतरी वाचून दाखवत हुतं आन् मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत न्हवतं.

मी गाडी कडंला घेतली. उतरलो. बॉनेट उघडून उगाच आत बघत उभा ऱ्हायलो. घाबरलो हुतो मी, खरं सांगतो. अंगावर वाघ आल्यागत घाबरलो. गाडी गरम हुती, डोक्यावर ऊन हुतं, झाडात पाखरं दिसत हुती इकडनं तिकडं उडताना. तोंडं उघडमीट करत हुती. तवा माझ्या ध्यानात आलं, की कित्येक दिवसांत मी चिमणीचा आवाज ऐकला न्हाय. आन् मग कुकर आठवला. शिट्टी धड हुती. दोन्ही शिट्ट्या धड हुत्या.

भूपाल शेजारी येऊन उभा ऱ्हायला. मग म्हणाला, "जोत्या, पेट्रोलच खराब असंल. परत जाऊन मी तसंच सांगतो हंबीररावला. उठाबशा काढतो. त्यात काय एवढं."

बघा, वाट उघडी हुती. मी 'व्हय' म्हटलं असतं तर पाटी जाग्यावर ऱ्हायली असती, माझा कान जाग्यावर ऱ्हायला असता, आन् पासष्टीतला माणूस माझ्यासाठी चौकात उठाबशा काढायला तयार हुता. मी तोंड उघडलंबी. पण समोर ते इंजिन. पेट्रोल म्हणून सोडलं असतं तर टायमिंग तिथंच ऱ्हायलं असतं, आन् महिन्यात न्हायतर दोन महिन्यात भूपालच्या बापाची गाडी भंगारात गेली असती. माझ्या हातानं.

"पेट्रोल बरं हाय," मी म्हटलं. "मला ऐकू येत न्हाय, भूपाल. तुझं बोलणं येतंय. खुळखुळ येत न्हाय. कुकर येत न्हाय. बारीक आवाज गेलेत माझे."

बोललो आन् रस्त्याच्या कडंच्या दगडावर बसलो. भूपालनं पाण्याची बाटली आणून दिली. वहिनींनी डब्यातनं गूळपोळी काढली, ती मी चावत बसलो. रडू आलं. आलं तर आलं, लपवायचं काय त्यात?

मग उठलो. दहाचा पाना घेतला, डेल्को ढिला केला, ठिणगी मागं जावी म्हणून आतला रोटर फिरतो त्या अंगाला केसभर सरकवला, आवळला. "बसा वहिनी. डोळे मिटा." अर्धा मैल चढलो. टुक, टुक, पण आधीपेक्षा कमी. पुन्हा थांबलो, पुन्हा सरकवला. तिसऱ्या खेपेला शेवटच्या वळणावर पाय पार खाली दाबला तेव्हा खांद्यावर एकदाच बोट टेकलं आन् उचललं गेलं. मला तेच पायजे हुतं. एखादा दाणा वाजावा आन् गप व्हावा, ही अगदी बरोबर जागा. वर नाक्यापाशी गाडी थांबवली तर वहिनी म्हणाल्या, "डोळे उघडू का अण्णा? का अजून काय काम हाय?" आम्ही तिघंबी हसलो.

उतरताना वाघबीळच्या खाली आल्यावर भूपाल म्हणाला, "एक सांगतो. चिडू नगंस."

"चिडण्यासारखं असंल तर चिडणार."

"तू टायमिंग लावून दिलंस की दरवेळी मी घरी जाताना उचगावला ज्ञानूकडं थांबतो. तो बत्ती लावून मागं घेतो. दोन वरसं झाली."

मी गाडी चालवतच ऱ्हायलो. थांबवली असती तर काय केलं असतं ठाऊक न्हाय.

"ह्या खेपेला तो पाव्हण्यांकडं लग्नाला गेलता. गॅरेज बंद. मला वाटलं, राहू दे, एवढ्यानं काय हुतंय. तर हे झालं."

"तू एकटाच का?"

"मी एकटा न्हाय," भूपाल म्हणाला. "तुझ्याकडनं जी गाडी निघती ती उचगावला जाती, जोत्या. गारगोटीच्या वकिलाची, इचलकरंजीच्या त्या डॉक्टरची. ज्ञानू एक पैसा घेत न्हाय. फक्त म्हणतो, वस्तादला कळू देऊ नका."

मला काय झालं ते सांगता येत न्हाय. एवढा राग मला जन्मात आला नसंल. आन् राग कुणावर करायचा ते सापडत न्हवतं. भूपालला आन् वहिनींना गॅरेजपाशी सोडलं, त्यांच्या हातात किल्ली दिली, माझी स्कूटर काढली आन् तसाच उचगावला गेलो.

ज्ञानू आला हुता लग्नावरनं. एका ॲम्बेसेडरच्या खाली झोपला हुता, नुसते पाय दिसत हुते. मी पायाला लाथ मारली. तो सरकून बाहेर आला, मला बघितलं आन् तिथंच बसल्या बसल्या माझ्या पायाला हात लावला.

"माझ्या कामावर काम करतोस?" मी ओरडलो. सगळ्या रस्त्यानं वळून बघितलं असंल. "दोन वरसं? माझ्या माघारी? लोकांत माझं हसं करतोस?"

"कोण हसलं न्हाय वस्ताद."

"मग मला सांगितलं का न्हाईस? तोंड न्हवतं तुला?"

"सांगितलं हुतं की," ज्ञानू म्हणाला. "बत्ती घेऊन आलतो तवा तेच सांगायला आलतो. तुमच्याकडनं गेलेल्या तीन गाड्यांची हेड गॅसकेट त्या वरसात खुळखुळीनं उडाली हुती. मला 'तुम्हाला ऐकू येत न्हाय' असं म्हणवेना. म्हणून म्हटलं, तपासून बघूया."

त्या तीन गाड्या मला आठवत हुत्या. तिन्ही वेळा मी पेट्रोलला शिव्या दिल्या हुत्या.

ज्ञानूनं एक लोखंडी स्टूल आणून दिलं. मी बसलो. तो आत गेला आन् बत्ती घेऊन आला. तीच हुती. मुठीच्या खाचांत अजून काळं ऑइल बसलेलं.

"एक गोष्ट सांगू वस्ताद? तुमची पहिली गाडी आली, भूपालअण्णांची. बत्ती लावली तर सहा डिग्री पुढं. मग दुसरी आली, वकिलाची. सहा डिग्री पुढं. डॉक्टरची सहा. दोन वरसांत माझ्याकडं तुमच्या कितीतरी गाड्या आल्या. प्रत्येक सहा. पाच न्हाय, सात न्हाय. आता तर मी बघतबी न्हाय, सहा मागं घेतो आन् मग बत्ती लावून खात्री करतो. माझं मी बत्ती लावून करतो तरी डिग्री-दोन डिग्री हिकडंतिकडं हुतंय."

पाटीवर लिहिलं हुतं ते खोटं हुतं, आन् तरी पुरतं खोटं न्हवतं. चढावरचा बारीक आवाज गेला हुता म्हणून मागं घ्यायचं ऱ्हात हुतं. पण खुललेल्या आवाजाची जागा हात अजून बिनचूक धरत हुता. मला एवढं बरं वाटलं, की मी ज्ञानूला एक शिवी दिली. तो हसला. तीन वरसांनी मी त्याला शिवी दिली हुती.

"लाव ती," मी म्हटलं. "बघू दे काय दिसतंय."

त्यानं ॲम्बेसेडर चालू केली, पुलीच्या खुणेला खडू लावला, तार जोडली आन् बत्ती माझ्या हातात दिली. मी वाकून चाप दाबला. पुली गरागरा फिरत हुती, पट्टा पळत हुता, आन् त्या लुकलुकीत खडूची पांढरी रेघ जागच्या जागी उभी हुती. हलत न्हवती. ज्ञानूनं जरा रेस केली, तशी ती सरकली. सोडली, तशी परत आली. चाळीस वरसं जे ऐकलं ते मी पहिल्यांदा बघत हुतो. किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. शेवटी ज्ञानू म्हणाला, "वस्ताद, बत्ती तापती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली आन् पाटी उतरवली. हंबीरराव पळत आला. "अहो, भूपालअण्णा तर म्हणाले पेट्रोल खराब निघालं! उठाबशाबी काढून गेले काल, धा काढल्या मोजून!"

भूपाल मगदूम हा असला माणूस हाय. मी सांगूनसुद्धा.

"खोटं बोलला तो," मी म्हटलं. "टायमिंग पुढं हुतं. मला ऐकू येत न्हाय. शिडी धर, पडीन मी." हंबीररावनं शिडी धरली.

पाटी स्कूटरवर आडवी बांधून घरी नेली आन् स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. शालूबाईनं ती बघितली. माझ्याकडं बघितलं. रात्री जेवताना मी सगळं सांगितलं, ती ऐकत ऱ्हायली आन् एवढंच म्हणाली, "डॉक्टरला दाखवूया. मशीन मिळतंय म्हणे कानाचं."

"दाखवूया," मी म्हटलं.

गॅरेज चालू हाय. पाटी न्हाय, तरी गाड्या येतात, त्यास्नी वाट ठाऊक हाय. ज्ञानूनं मला एक बत्ती आणून दिली. मी आधी कानानं लावतो, मग बत्ती धरतो. अजूनबी सहाच निघतं.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. पाटी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालूबाईनं कुकर चढवला. मी पेपर घेऊन बसलो हुतो. ती शेजारी जायला निघाली, दारापर्यंत गेली, आन् परत येऊन स्टुलावर बसली. मला काय सांगितलं न्हाय. गपचिप शिट्ट्या मोजत बसली. एवढी वरसं भांडली, डाळ जाळली म्हणून बोलली, पण सांगायची. आज सांगितलं न्हाय. पाटी उतरवताना एवढं लागलं न्हवतं.

मी पेपर ठेवला. "जा तू," मी म्हटलं. "मी बघतो."

"असू दे. मी हाय की."

"सांग मला. रोज सांगतीस तसं सांग."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग पदर खोचला आन् म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा."

ती गेली. मी स्टूल गॅससमोर ओढलं आन् चष्मा पुसून बसलो. कुकरवरची शिट्टी थरथरली, वर उचलली, वाफ भसकन वर गेली, आन् ती खाली बसली. एक. मी तिच्यावरनं नजर काढली न्हाय. दुसऱ्यांदा उचलली. तिसऱ्यांदा वाफ वर गेली तशी मी हात लांब करून गॅस बंद केला.